गेटखाली विणलेली खाट

अहेरीच्या बाजारात एका टपरीवर चहावाल्याने मला विचारलं, "काय काम करता जी तुम्ही?" मी तेव्हा या धंद्यात नवा होतो, आणि नव्या माणसाला आपला धंदा सांगायची फार हौस असते. मी अख्ख्या टपरीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "रस्ता कापून आत तार पुरतो. वरून गाडी गेली की तारेला कळतं." टपरीवर सात-आठ माणसं होती. दोन मिनिटांत मी, चहावाला आणि एक बहिरा म्हातारा एवढेच उरलो. गडचिरोली जिल्ह्यात हे वाक्य कसं ऐकू जातं, हे माझ्या चंद्रपुरी डोक्यात आलंच नव्हतं. तेव्हापासून कुणी विचारलं तर मी "गेटवाला" एवढंच सांगतो.

खरं तर काम अगदी निरुपद्रवी आहे. आपोआप उघडणारं गेट असतं ना, आडवा दांडा वर जातो, गाडी निघते, दांडा खाली येतो, त्या गेटला गाडी दिसते कशी? डोळे तर त्याला नसतात. त्याचे डोळे रस्त्यात असतात. गेटच्या अलीकडे काँक्रीटमध्ये चौकोनी खाच पाडायची, तिच्यात एका अखंड तारेचे चार फेरे घालायचे, दोन्ही टोकं पिळून खांबावरच्या डबीत न्यायची आणि खाच डांबरासारख्या काळ्या मसाल्याने बुजवून टाकायची. तारेतून सतत हलकासा प्रवाह खेळत असतो. वर गाडीचं लोखंड येऊन उभं राहिलं की त्या प्रवाहाची चाल बदलते, डबीला ते कळतं, आणि डबी गेटला सांगते, ऊठ. माणूस आला, बैल आला, मंत्री पायी चालत आला, तर तारेला काहीही वाटत नाही. तिला फक्त लोखंडाची कदर.

हे सगळं मी लोकांना हातवारे करून समजावतो. हातवारे ही माझी जुनी खोड. तरुणपणी मी झाडीपट्टीच्या नाटकांत कामं केली आहेत. बहुतेक वेळा इन्स्पेक्टर, कारण खाकी गणवेश माझ्याच मापाचा होता. तिसऱ्या अंकात येऊन "थांबा!" म्हणायचं आणि सगळ्यांना पकडून न्यायचं. पुढे पोट सुटलं, गणवेश दुसऱ्याकडे गेला आणि मी गेटांकडे वळलो. पण "थांबा" म्हणायची सवय गेली नाही. गेटच्या धंद्यात ती फार उपयोगी पडते.

तर ही गोष्ट सावलीकडच्या एका राईस मिलची.

दिवाळीच्या आधीचे दिवस. धानाच्या बांध्या पिवळ्या झाल्या होत्या, हलकं धान कापणीला आलं होतं आणि मिलचा मालक, सगळे त्याला शेटजी म्हणत, आवक सुरू व्हायच्या आत गेट बसवून मागत होता. हंगामात त्या मिलमध्ये दिवसभर ट्रॅक्टर, मेटॅडोर, ट्रक यांची रीघ. जुनं गेट म्हणजे एक लोखंडी पाइप, त्याच्या एका टोकाला दगड बांधलेला. तो पाइप दिवसातून दोनशे वेळा वर-खाली करायला एक म्हातारा चौकीदार होता. सत्तरीला टेकलेला, काटक, डोक्याला गमछा, आणि उजवा गुडघा असा की चार पावलं टाकली की पाचवं टाकायच्या आधी तो गुडघ्याला विचारायचा.

मला वाटलं, हा आता माझ्याकडे वाईट नजरेने बघणार. जिथे जिथे मी आपोआप उघडणारं गेट लावायला जातो तिथला चौकीदार माझ्या चहात माशी पडावी म्हणून देवाला नवस बोलत असतो. पण या म्हाताऱ्याने मी व्हॅनमधून उतरायच्या आत माझ्यासाठी सावलीत खुर्ची टाकली, पाणी आणलं आणि विचारलं, "मिस्त्रीभाऊ, हे पक्कं उघडंल नं?"

"उघडेल की. काऊन?"

"नाई उघडलं तं माह्यं काम गेलं जी."

मी म्हटलं, "बाबाजी, उलटं बोलून राहिले तुम्ही. उघडलं तर जाईल."

"तुमाले सांगतो," असं म्हणून तो माझ्या समोर उकिडवा बसायला गेला, गुडघ्याने नकार दिला, मग उभ्यानेच सांगितलं. शेटजींनी त्याला साफ शब्दांत सांगितलं होतं. गेट वेळेत चालू झालं तर बाहेर जाणाऱ्या गाड्या आपोआप जातील, आत येणाऱ्या गाडीची चिठ्ठी पाहून बटन दाबायला एक माणूस लागेल, ते काम खुर्चीवर बसून होतं, ते म्हाताऱ्याने करावं. गेट नाही जमलं तर पाइप उचलायला धडधाकट माणसं लागतील, त्यासाठी नागपूरच्या एका सिक्युरिटी एजन्सीशी बोलणी झालीच आहेत. गणवेश, शिट्टी, दोन पाळ्या. मग म्हाताऱ्याने घरी बसायचं.

"अन् घरी बसलो तं म्हातारी मले दिवसातून दोनदा विकते," तो म्हणाला, "अन् दोनदाबी कोणी घेत नाई."

मागून कुणीतरी हसलं. मिलच्या अंगणात सांडलेलं धान झाडणारी एक बाई होती. चाळिशीची, कमरेला पदर खोचलेला, हातात उंच दांड्याचा खराटा. तिचं तोंड खराट्यापेक्षा स्वच्छ झाडायचं. ती म्हणाली, "बुड्याले कोण घेईन वो? गुडघा दाखवून विकते काय म्हातारी?"

"तू झाड," म्हातारा म्हणाला.

"झाडूनच राह्यली नं. तुमची सावली तेवढी हटवा, तिच्याखालचं राह्यलं हाय."

पहिल्या दिवशी मी नवा दांडा बसवला आणि त्याच्या बरोबर खालची तार पुरली. ही तार गेट उघडत नाही. गाडी दांड्याखाली असताना दांडा तिच्या टपावर पडू नये, एवढीच तिची जबाबदारी. काँक्रीट कापायचं मशीन किंचाळत होतं, म्हातारा पात्यावर पाणी ओतत होता आणि पांढरा चिखल आम्हा दोघांच्या भुवयांपर्यंत उडत होता. खाच पाडली, धुतली, वाळवली. तार घातली, मसाला भरला. संध्याकाळी चाचणी. मी एक लोखंडी घमेलं दोरीने बांधून तारेवरून ओढत नेलं. डबीवरचा दिवा लागला. घमेलं पुढे गेलं; दिवा विझला. म्हाताऱ्याने गमछा काढून डोकं पुसलं, इतका त्याला आनंद झाला.

झाडणाऱ्या बाईने ते पाहिलं आणि ती स्वतः येऊन चौकोनाच्या मधोमध उभी राहिली. दिवा लागला नाही.

"मी दिसत नाई काय याले?"

"लोखंड लागतं बाई."

"मंग सासूले आणू काय? तिचं काळीज लोखंडाचंच हाय."

दुसऱ्या दिवशी खरी तार. बाहेर जाणारी गाडी ओळखून गेट उघडणारी, म्हणजे म्हाताऱ्याची खुर्ची जिच्यावर उभी राहणार होती ती. सकाळी खाच पाडून झाली, बारापर्यंत तारेचे चार फेरे घालून झाले. खरं सांगतो, घाईत घातले. तार दोन ठिकाणी फुगून खाचेच्या वर आली होती, एका कोपऱ्यात तिने वेटोळं केलं होतं. मी मीटर लावून पाहिलं. आकडा बरोबर होता. मग भूक लागली. म्हाताऱ्याला म्हटलं, "बाबाजी, जेवून येतो. आल्यावर तार दाबून मसाला भरू. कुणाची गाडी यावरून जाऊ देऊ नका."

"माह्या जिवावरून जाईल, तारेवरून नाई जाणार," म्हातारा म्हणाला.

सावलीच्या बसस्टँडजवळ भात, वरण आणि वाळल्या मासोळ्यांची चटणी असं जेवण मिळालं. ती चटणी माणसाला काम विसरायला लावते. मी दीड तासाने परत आलो, खाचेत डोकावलो आणि स्वतःवर खूश झालो. काय ती तार बसली होती! कुठे फुगवटा नाही, कोपरे नेमके, एकावर एक फेरा असा की जणू साच्यातून काढला. मला वाटलं, व्वा, घाईतसुद्धा तुझा हात असा चालतो. पन्नाशी आली म्हणून काय झालं? त्या आनंदात मी पुन्हा मीटर लावायचं विसरलो. नव्या पोराला मी या चुकीसाठी कान धरून उभं केलं असतं. मसाल्याचा डबा फोडला आणि खाच भरून टाकली. म्हातारा बाजूला उभा होता. मी तारेकडे पाहत होतो तेव्हा तो माझ्याकडे पाहत होता आणि ओठ दाबून हसत होता. मला वाटलं, माझ्या कौतुकाने हसतोय.

तीन वाजता मी टोकं डबीला जोडत होतो, तेवढ्यात शेटजींची पांढरी गाडी ऑफिसकडून आली आणि थेट नव्या तारेवर येऊन उभी राहिली. माझ्या अंदाजापेक्षा तासभर आधी. म्हातारा सरळ ताठ झाला. खराटा थांबला.

गेट हललं नाही.

शेटजींनी हॉर्न दिला. मी डबीकडे पाहिलं. तिथला दिवा लग्नाच्या मांडवातल्या माळेसारखा लुकलुकत होता. त्याचा अर्थ एकच. डबी म्हणत होती, मला तारच सापडत नाही.

काच खाली आली. "काय जी? उघडून नाई राह्यलं?"

म्हाताऱ्याचा चेहरा मी पाहिला. पाहायला नको होता. आणि मग माझ्या आतला इन्स्पेक्टर, जो वीस वर्षं पेटीत डांबराच्या गोळ्यांत पडून होता, तो उठला. मी हळूहळू चालत गाडीच्या पुढे गेलो, दांड्यावर तळहात ठेवला आणि म्हणालो, "थांबा!"

"थांबलोच नं. दुसरं काय करून राह्यलो?"

"उघडलं नाही ना?"

"नाई."

"मागे घ्या. पुन्हा पुढे या." गाडी मागे गेली, पुढे आली. "आता?"

"नाई."

"उत्तम!" मी असं म्हणालो की मिलच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. "शेटजी, गेट उघडणं सोपं आहे. गेट न उघडणं अवघड. पहिल्या दिवशी आम्ही त्याला न उघडायला शिकवतो. जे गेट मालकाच्या हॉर्नलाही भीक घालत नाही, ते चोराला काय घालणार? आज पास झालं. उद्या उघडायचं शिकवायचं."

शेटजींनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. बाजारात धानाच्या पोत्यात हात घालून माणूस दाणा पाहतो ना, तसं.

"उद्या दहाले एजन्सीवाला कागद घेऊन येऊन राह्यला," ते म्हणाले. "दहाले उघडलं तं ठीक. नाई तं मी सही करून टाकतो. मले हंगाम थांबवता येत नाई."

म्हातारा लंगडत गेला, हँडल फिरवून हाताने दांडा वर केला आणि गाडी गेल्यावर तसाच हँडल धरून उभा राहिला.

मी मीटर काढलं. तार कुठे तुटली आहे का? नाही. जमिनीत वीज झिरपते आहे का? थेंबभरही नाही. तार अगदी निरोगी होती, फक्त जिवंत नव्हती. जिथे शंभराच्या आसपास आकडा हवा, तिथे मीटर सातच्या पुढे सरकेना. जेवणाआधी हाच आकडा बरोबर होता. मी आधी काँक्रीटमधल्या सळ्यांना शिव्या दिल्या, मग तारेच्या कारखान्याला, मग चटणीला. दोनदा टोकं सोडून पुन्हा जोडली. म्हातारा माझ्या प्रत्येक हालचालीवर डोळे लावून होता आणि प्रत्येक वेळी विचारत होता, "झालं काय जी?"

झाडणारी बाई खराट्याच्या दांड्यावर हनुवटी टेकवून आमची गंमत पाहत होती. शेवटी तिला राहवलं नाही.

"मिस्त्रीभाऊ, तुमचं गेट काऊन उघडंल? बुड्यानं तं त्याले झोपाची खाट बनवली."

"कोण बुडा? कसली खाट?"

"हेच. तुम्ही जेवाले गेले अन् हे रस्त्यात पाय पसरून बसले. सारी तार बाहेर काढली. दीड घंटा विणून राह्यले होते. म्या म्हटलं, बाबा, ऊन लागंल. तं म्हणते, मिस्त्रीचं काम ढिलं हाय, गेट बंद पडंल."

मी म्हाताऱ्याकडे वळलो. त्याने गमछ्याचं टोक तोंडात धरलं होतं.

"बाबाजी?"

"वर येऊन राह्यली होती तार," तो म्हणाला. "कोपऱ्यात गुंता होता. मले वाटलं, एवढ्यासाठी गेट अडलं तं?" आणि मग, थोडा दुखावून, "बसली नाई काय नीट?"

बसली होती. तीच तर अडचण होती. माझ्या कौतुकाचा खरा धनी समोर उभा होता. मी त्याला म्हटलं, कशी घातली ते हाताने दाखवा. मग समजलं. हा माणूस पन्नास वर्षं खाटा विणत आला होता. आसपासच्या गावांत त्याच्या हातची खाट म्हणजे लेकीच्या लग्नात द्यायची वस्तू. आता सगळ्यांच्या घरात लोखंडी पलंग आले आणि तो पाइप उचलायला लागला. खाट विणताना त्याचा एक नियम असे: दोर एकाच अंगाने फिरवत राहिलं तर सगळा ताण एकीकडे जातो, चौकट पिळते आणि खाटेचा एक पाय हवेत राहतो. म्हणून एक फेरा उजवा, की कोपऱ्यातून परत फिरायचं आणि दुसरा डावा. पुन्हा उजवा. पुन्हा डावा. त्याने माझी तार तशी घातली होती. चार फेरे, दोन इकडे, दोन तिकडे. सत्तर वर्षांच्या माणसाने, आखडलेल्या गुडघ्याने, भर उन्हात, माझं गेट तिरपं होऊ नये म्हणून.

आता त्याला सांगायचं कसं? विजेबद्दल बोलून उपयोग नव्हता. मी म्हटलं, "बाबाजी, तारेचा एक फेरा म्हणजे एक बैल समजा. चारही बैलांनी एकाच दिशेला ओढलं पाहिजे, तेव्हा डबीला जोर कळतो. तुम्ही दोन बैल पूर्वेला जुंपले, दोन पश्चिमेला."

म्हाताऱ्याने कपाळावर हात मारला. "मंग गाडी जागेवरच!"

"जागेवरच."

"अन् बैल मरमर मरून राह्यले."

"आणि वरून बघणाऱ्याला वाटतं, काय छान जोड्या जुंपल्या आहेत. मलाही तसंच वाटलं. म्हणून मी न मोजता मसाला भरला. बैल तुम्ही चुकवले, पण जू मी आवळलं."

हे बोललो ते त्याला बरं वाटावं म्हणून नाही. खरंच होतं. पण त्याला ते ऐकू गेलंच नाही. तो गेटकडे पाहत होता. "म्या माह्याच हातानं माह्यं काम घालवलं," तो म्हणाला, अगदी हळू.

मसाला अजून ओला होता. मी लोखंडी हूक घालून तो खाचेतून उपसायला लागलो. काळ्या लांब जिभा निघत होत्या. तार सोडवली, पुसली. नवी तार माझ्याकडे होती, पण म्हाताऱ्याने ती घेऊ दिली नाही. तार चांगली आहे, हात चुकला, म्हणाला. मग मी जे केलं ते मला आजही आवडतं. मी तारेचं टोक त्याच्या हातात दिलं. "घाला. तुमच्याइतकी नीट मला जमणार नाही. फक्त सगळे बैल एका दिशेला."

पहिला फेरा झकास गेला. कोपऱ्यात आला आणि त्याचे हात आपोआप परत फिरले.

"बाबाजी."

"हो जी." पुन्हा सरळ. दुसरा फेरा संपला, कोपरा आला, हात परत फिरले. पन्नास वर्षांची सवय. डोकं पुढे म्हणत होतं, बोटं मागे पळत होती. तिसऱ्या वेळी तर तो स्वतःच्या हातावर चिडला आणि त्याने डाव्या हाताने उजव्याला चापट मारली. तेव्हा झाडणारी बाई आली आणि त्या कोपऱ्यात खराटा आडवा धरून उभी राहिली.

"आता फिरा परत," ती म्हणाली. "पाह्यतो कसे फिरता ते."

"हट वो!"

"हटत नाई. इकडून रस्ता बंद हाय. पुढं चला, भाऊ, पुढं."

अशा रीतीने, एका खराट्याच्या पहाऱ्यात, चार फेरे एकाच दिशेने गेले. मी काहीही भरायच्या आत मीटर लावलं. शहाण्णव. मी तो आकडा म्हाताऱ्याला दाखवला. त्याला त्यातलं काही कळत नव्हतं, तरी त्याने तो बराच वेळ पाहिला. मसाला भरला. दिवस मावळायला आला होता आणि आता गेटवर चाचणी घ्यायची एवढ्यात मिलची लाइन गेली. लाइनमनला फोन केला. तो म्हणाला, सकाळी येईल. "किती वाजता?" "सकाळीच म्हणतो नं जी."

सकाळी मी साडेसातला पोचलो. म्हातारा आधीच तिथे होता, धुतलेलं धोतर, नवा गमछा. खुर्ची त्याने कोपऱ्यात ठेवली होती, पण बसला नव्हता. लाइन नव्हती. आठ. लाइन नव्हती. नऊ वाजता बाईने सांगितलं की तिच्या गावात पण नाही. साडेनऊला शेटजी आले आणि हाताने उचललेल्या दांड्याखालून थेट ऑफिसकडे गेले. पावणेदहाला मिलचा पंखा घरघरला. मी डबीकडे धावलो. दिवा लागला आणि स्थिर राहिला. लुकलुक नाही. मी व्हॅन आणून तारेवर उभी करणार, तोच एजन्सीवाल्याची गाडी बाहेर येऊन उभी राहिली. दहा मिनिटं आधी. नागपूरचे लोक उशिरा येतात असं कुणी सांगितलं मला?

आत येणाऱ्या गाडीसाठी बटन. म्हाताऱ्याने ते दाबलं. दांडा वर गेला. एवढं तर मलाही माहीत होतं, त्यात तारेचा काही संबंध नव्हता.

एजन्सीवाला उमदा गडी होता. डोळ्यांवर गॉगल, बगलेत फाइल. अंगणातच उभा राहून त्याने शेटजींना आपल्या माणसांचे फोटो दाखवले. "अपने बंदे एकदम फिट है सर. रात-दिन खडे रहते."

"उभे राह्यतात?" शेटजींनी विचारलं.

"एक मिनिट बैठते नही सर."

शेटजींनी मान हलवली, फाइल चाळली, पेनही खिशातून काढलं. म्हातारा दूर गेटजवळ उभा होता. ऐकू येत नव्हतं, पण पेन दिसत होतं. मग शेटजींनी पेनचं टोपण न काढता फाइल परत केली. "तुम्ही एक काम करा. गाडी घेऊन बाहेर जा, अन् फिरून परत या. मले पाह्यचं हाय."

एजन्सीवाल्याला काही कळलं नाही. तो गाडीत बसला, वळवली, गेटकडे निघाला. शेटजी मोठ्याने म्हणाले, "कोणी बटनाले हात लावाचा नाई."

म्हाताऱ्याने दोन्ही हात पाठीमागे घेतले. बाईने खराटा छातीशी धरला. मी इतकी गेटं लावली आहेत, रुग्णालयांची, कोळसा खाणींची, वरोऱ्याच्या जिनिंगची, पण कुठल्याही गेटसमोर मी असा श्वास रोखला नव्हता. गाडीची पुढची चाकं तारेवर आली. काही नाही. अजून एक हात पुढे. दांडा थरथरला आणि वर गेला. मोठ्या ऐटीत, सावकाश, मानकऱ्यासारखा.

एजन्सीवाला दांड्याच्या बरोबर खाली थांबला आणि त्याने काच खाली केली. "किसने खोला?"

तो तिथेच थांबून वर बघत राहिला आणि दांडा, पहिल्या दिवशीच्या तारेचा मान राखून, त्याच्या टपावर पडला नाही. मग तो बाहेर गेला आणि परत येण्याचं काही त्याने मनावर घेतलं नाही.

शेटजी माझ्याकडे वळले. "काल तुम्ही जे भाषण केलं, गेटले न उघडाले शिकवतो म्हणून."

"हो जी."

"अन् दुपारी बुडा रस्त्यात बसून तार विणून राह्यला होता, ते मी माह्या मोबाइलवर पाह्यलं. गेटवर कॅमेरा हाय नं." त्यांनी खांबाकडे बोट दाखवलं. मी दोन दिवस त्याच खांबावर डबी बसवत होतो आणि कॅमेरा मला दिसला नव्हता. "तरीबी म्या म्हटलं, बोलू द्या. एवढं चांगलं खोटं फुकटात कुठी ऐकाले भेटते?"

मला आयुष्यात मिळालेली ती सगळ्यात मोठी दाद. मी कमरेत वाकून ती घेतली.

म्हातारा मात्र पांढरा पडला होता. "शेटजी, मले वाटलं..."

"तुले काय वाटलं ते मले मालूम हाय. इतक्या वर्षांत तू गेटवर दीड घंटा न डुलकी घेता बसला, ते कालच पाह्यलं मी." मग कॅमेऱ्याकडे बघून ते एकदम मालकाच्या आवाजात म्हणाले, "आजपासून खुर्ची. बटन तुझं. गेटचं काई बिघडलं तं मिस्त्रीले फोन. स्वतः काई खोलाचं नाई."

"नाई खोलत जी."

"तारेले हात नाई लावाचा."

"नाई लावत."

शेटजी ऑफिसात गेले. म्हाताऱ्याने खुर्ची उचलली, गेटच्या सावलीत ठेवली, सरकवली, पुन्हा सरकवली, बटन हाताशी येईल अशी. मग तो बसला. आधी अर्धा, मग पूर्ण. उजवा पाय त्याने हळूहळू पुढे लांब केला, पार लांब, आणि गुडघ्यावर तळहात ठेवला.

बाहेर हंगामातला पहिला ट्रॅक्टर आला होता, नुकतंच मळलेलं धान, वर तनसाच्या काड्या. ड्रायव्हर गेटवरचा जुना ओळखीचा. त्याने सवयीने ओरडून सांगितलं, "ऊठ बाबा, उचल!"

म्हातारा उठला नाही. त्याने हात पुढे केला. "आधी चिठ्ठी दाखव."